फरहात अब्बास संधिसाधू होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियातले नेते आणि पत्रकार फरहात अब्बास यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण बरंच कडक लिहिलंत. आपले आक्षेप तीन. ज्या माणसाने १९३६ साली 'अल्जीरिया नावाचं राष्ट्रच नाही' असं छापलं, त्याला मी स्वातंत्र्यसेनानी म्हणून उभं केलं. १९५६ साली वारं फिरल्यावर, तेही जिवाच्या भीतीने, ते एफएलएनला, म्हणजे स्वातंत्र्यासाठी सशस्त्र लढणाऱ्या संघटनेला, जाऊन मिळाले, हे मी दडवलं. आणि ज्यांची पत्रं पक्षाची मुखपत्रं होती त्यांना पत्रकार म्हणणं चूक.

पहिल्या आक्षेपात आपलं बरोबर आहे, निदान अर्धं. त्या लेखाला मी एकच ओळ दिली, आणि ते चुकलं. २३ फेब्रुवारी १९३६ चा 'लांतांत' या पत्रातला तो लेख. नाव शब्दशः 'फ्रान्स म्हणजे मीच'. मी इतिहासाला विचारलं, जिवंतांना विचारलं, मेलेल्यांना विचारलं, कबरस्तानं पालथी घातली, पण अल्जीरियन राष्ट्राबद्दल मला कुणी काही सांगितलं नाही, असा त्याचा आशय. दोनच महिन्यांत धर्मसुधारक विद्वान अब्दुल हमीद बेन बादीस यांनी आपल्या मासिकातून उत्तर दिलं: आम्हीही इतिहास धुंडाळला, आम्हाला हे राष्ट्र सापडलं, ते फ्रान्स नाही आणि फ्रान्स होऊ इच्छितही नाही. या वादात बेन बादीस बरोबर होते, यात मला शंका नाही.

पण तो लेख तिथे संपत नाही. पुढे अब्बास बजावतात की इथल्या लोकांची मुक्तता झाल्याशिवाय फ्रेंच अल्जीरिया टिकणार नाही. ही मागणी कुणाची, तेही बघा. १८६५ च्या कायद्याने अल्जीरियातला मुसलमान फ्रान्सचा प्रजाजन होता, नागरिक नव्हता. नागरिक व्हायचं तर लग्न-वारशाचा आपला धर्मकायदा सोडून द्यायचा. अब्बास औषधशास्त्राचे पदवीधर, सक्तीची लष्करी सेवा केलेले, सेतिफमध्ये स्वतःचं औषधांचं दुकान चालवणारे. आणि कायद्यासमोर त्यांचं स्थान शेजारच्या निरक्षर युरोपीय माणसाच्या खाली. त्याच वर्षी ब्लूम-व्हायोलेत विधेयक आलं, जेमतेम वीसेक हजार मुसलमानांना नागरिकत्व देणारं. वसाहतवाल्यांनी एवढा गदारोळ केला की ते संसदेत मताला टाकलंच गेलं नाही. मला तर वाटतं, 'फ्रान्स म्हणजे मीच' हे वाक्य फ्रान्सनेच खोटं पाडलं.

आता त्यांच्या पत्रांची नावं एकापाठोपाठ एक ठेवून बघा. १९३६ चं 'लांतांत', म्हणजे मेळ, समझोता. १९४४ चं 'एगालिते', म्हणजे समता. आणि १९४८ पासून 'ला रेपुब्लिक आल्जेरिएन', अल्जीरियन प्रजासत्ताक. मत बदललं की ते मथळ्यावरच दिसायचं, पोलिसांनाही आणि विरोधकांनाही. अधेमधे १० फेब्रुवारी १९४३ चा 'अल्जीरियन जनतेचा जाहीरनामा' आहे. समरसतेची वाट संपली, आता स्वतःचं संविधान हवं, हे त्यांनी महायुद्ध चालू असतानाच लेखी मांडलं. संधिसाधू माणूस असा जागोजागी लेखी पुरावा ठेवत नाही.

आणि संधी साधून मिळवलं काय? ८ मे १९४५ ला युरोपातलं युद्ध संपलं. दोस्तांच्या विजयाबद्दल अभिनंदन करायला अब्बास अल्जीयर्समध्ये गव्हर्नर जनरलच्या भेटीला गेले होते, तिथेच त्यांना अटक झाली. त्याच दिवशी त्यांच्या सेतिफमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला, चिडलेल्या जमावांनी शंभरेक युरोपीय मारले आणि मग लष्कराने गावंच्या गावं उद्ध्वस्त केली. मेलेल्यांचा फ्रेंच सरकारी आकडा दीड हजाराच्या आतला, अल्जीरियाचा ४५,०००. अब्बास सुटले ते मार्च १९४६ च्या माफीनंतर. जूनमध्ये त्यांच्या पक्षाने मुसलमानांसाठीच्या १३ पैकी ११ जागा जिंकल्या. पॅरिसच्या सभागृहात त्यांनी फ्रान्सशी संलग्न अल्जीरियन प्रजासत्ताकाचा मसुदा मांडला, तो बाजूला सारला गेला. १९४८ च्या निवडणुकीत तर प्रशासनाने मतपेट्याच भरल्या. आपल्याकडे ज्याला नेमस्त राजकारण म्हणतात, त्याचे सगळे दरवाजे त्यांनी ठोठावून पाहिले होते.

१९५६ बद्दल आपण जे लिहिलंत ते मला सगळ्यात लागलं, कारण त्यात एक मृत्यू आहे आणि तो मी माझ्या लेखात टाळला होता. २० ऑगस्ट १९५५ ला कॉन्स्टंटाइनमध्ये त्यांचा पुतण्या अल्लावा अब्बास याला एफएलएनच्या माणसांनी ठार केलं. तोही औषधविक्रेता आणि नगरसेवक. काकांनी भीतीपोटी पक्ष बदलला असं म्हणायला यामुळे जागा मिळते, मान्य. पण एफएलएनचे नेते अबान रमदान यांच्याशी अब्बास यांचं बोलणं या हत्येच्या आधीच सुरू झालं होतं. आणि एप्रिल १९५६ मध्ये कैरोत जाऊन जाहीरपणे एफएलएनमध्ये सामील होणं म्हणजे पुतण्याचं रक्त गिळून ज्यांनी ते सांडलं त्यांच्याशेजारी उभं राहणं. नुसती भीती असती तर फ्रान्समध्ये कुठेतरी गप्प राहता आलं असतं. सप्टेंबर १९५८ मध्ये ते एफएलएनच्या हंगामी अल्जीरियन सरकारचे पहिले अध्यक्ष झाले आणि ऑगस्ट १९६१ मध्ये त्यांना बाजूला करण्यात आलं.

मुखपत्रांचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो. अल्जीरियातली मोठी दैनिकं वसाहतवाल्यांच्या हातात होती. तिथे मुसलमान माणसाने आपल्या मताचं स्वतःचं पत्र काढलं नाही तर तो लिहिणार कुठे? 'कमाल अबेन्सेराज' हे त्यांचं विद्यार्थिदशेतलं टोपणनाव. त्यात तुर्कस्तानचे मुस्तफा कमाल आहेत आणि मुसलमानी स्पेनमधल्या ग्रनाडाचं बनू सर्राज घराणंही. तेव्हापासून त्यांनी लिहिणं सोडलं नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांबद्दल आपण काहीच म्हटलं नाहीत, आणि माझ्या मते सगळा निवाडा तिथे आहे. ते संविधान सभेचे अध्यक्ष होते. पंतप्रधान बेन बेला यांनी नवं संविधान त्या सभेबाहेर, अल्जीयर्सच्या माजेस्तिक सिनेमागृहात एफएलएन पक्षाच्या माणसांपुढे मंजूर करून घेतलं, तेव्हा ऑगस्ट १९६३ मध्ये अब्बास यांनी राजीनामा दिला. १९६४ मध्ये त्यांना सहारातल्या अद्रार इथे स्थानबद्ध केलं. १९७६ मध्ये तेव्हाचे सत्ताधीश बूमेदियन यांच्या एकाधिकारशाहीविरुद्ध तिघांसोबत पत्रकावर सही केली, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. पुन्हा नजरकैद. पासपोर्ट गेला, औषधांचं दुकानही सरकारने घेतलं.

मूळ लेखात १९३६ चा पूर्ण संदर्भ आणि अल्लावा अब्बासच्या हत्येचा परिच्छेद आज घालतो आहे. वर तारखेसह तशी नोंदही ठेवतो.