नवऱ्याचं राहिलेलं रिटर्न आणि बायकोचा अर्धा वाटा

मागच्या एखाद्या वर्षाचं आयकर रिटर्न राहून गेलेला, स्वतःचा धंदा करणारा गोंयकार माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा एकटाच येतो. पासबुक, पॅन कार्ड आणि बिलांची एक पिशवी एवढंच सोबत असतं. मी विचारते, वहिनींचं पॅन कार्ड आणलंय का? उत्तर ठरलेलं असतं. "ती कित्याक बाय? ती घराच आसता."

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपल्या राज्यात लग्न झालेल्या धंदेवाल्याचं राहिलेलं रिटर्न त्याचं एकट्याचं नसतंच. राहिलेली रिटर्नं दोन असतात आणि दुसऱ्याची आठवण कोणाला येत नाही.

जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला शिकवावं लागत नाही. प्लॉट विकायचा तर दोघांच्या सह्या लागतात, हे डिचोलीपासून काणकोणपर्यंत शेंबडं पोरही सांगेल. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही झाल्यावर दोघांची मालमत्ता एक होते, हा पोर्तुगीज सिव्हिल कोडचा नियम. आयकर कायद्याने तो मान्य केलाय. १९६१ च्या कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम ५ए आहे. १९९४ च्या वित्त कायद्याने ते घातलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू धरलं. (गंमत म्हणजे कोड १८६७ चा असताना कलमात त्याचं साल १८६० छापलंय.) ते कलम सांगतं की पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे धंदा, भाडं, व्याज, भांडवली नफा, नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटायचं आणि प्रत्येकाने आपापला अर्धा भाग आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. दाखवायचा की नाही हे आपल्या मर्जीवर सोडलेलं नाही. लग्न गोव्याबाहेर झालेलं असेल, किंवा दोडामार्ग-सावंतवाडीकडून येऊन इथे स्थायिक झालेलं कुटुंब असेल, तर हा कायदा आपल्याला लागू होतो का ते आधी तपासा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

एक हिशोब मांडते. आसगावच्या बंगल्यांची आतली सजावट करणारा एक इंटिरियर डेकोरेटर धरा. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये त्याला सोळा लाख मिळाले, सगळे बँकेतून. कलम ४४एडीएप्रमाणे (व्यावसायिकांसाठीचा ठोक हिशोब) त्यातलं निम्मं उत्पन्न धरलं तर आठ लाख. क्लायंट कंपन्यांनी दहा टक्क्यांनी टीडीएस कापला, एक लाख साठ हजार. हे आठ लाख त्याच्या एकट्याच्या नावावर दाखवले तर नव्या कररचनेत सेस धरून कर होतो ३६,४०० रुपये. कलम ५एप्रमाणे वाटले तर दोघांचे चार-चार लाख. त्या वर्षी नव्या रचनेत सात लाखांपर्यंत रिबेट होता, म्हणजे दोघांचाही कर शून्य आणि एक लाख साठ हजार पूर्ण परत. निम्मं टीडीएसचं क्रेडिट बायकोच्या रिटर्नमध्ये जातं, त्यासाठी फॉर्ममध्ये खास रकाना आहे.

हे रिटर्न जुलै २०२४ मध्ये भरलं असतं तर काहीच प्रश्न नव्हता. डिसेंबरपर्यंत भरलं असतं तरी प्रत्येकी हजार रुपये लेट फी, कारण दोघांचंही उत्पन्न पाच लाखांच्या आत. त्या वर्षी तर बिलेटेड, म्हणजे उशिराच्या रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवलीही होती. पण तो आला त्यानंतर, आणि आल्या आल्या म्हणतो, "बाय, ते आयटीआर-यू भरून टाका, आता चार वर्षांची मुदत आहे म्हणे."

मुदत आहे हे खरंच. आयटीआर-यू, म्हणजे अपडेटेड रिटर्न, २०२२ पासून सुरू झालं तेव्हा दोन वर्षांचं होतं. २०२५ च्या वित्त कायद्याने ते असेसमेंट वर्ष (म्हणजे आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत नेलं. पण हे रिटर्न सरकारला देणं असलेल्यांसाठी आहे, येणं असलेल्यांसाठी नाही. त्यातून रिफंड मागता येत नाही, कर कमी करता येत नाही, तोटा दाखवता येत नाही. आपल्या डेकोरेटरचा कर शून्य, म्हणून त्याला हे दार बंद. उरतो एकच रस्ता, कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करा असा अर्ज. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तो असेसमेंट वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत करता येतो, आणि एक कोटीपर्यंतचा दावा असेल तर प्रिन्सिपल कमिशनर तो मंजूर किंवा नामंजूर करतात. उशिराचं खरं कारण आणि खरी अडचण दाखवावी लागते. मंजूर झालाच तर त्या रिफंडवर व्याज मिळत नाही.

यावर माझं मत स्पष्ट आहे आणि ते कोणाला आवडो न आवडो. ज्याने कर चुकवला त्याला चार वर्षं, फक्त पोर्टलवर जा आणि पैसे भरा. ज्याचा कर आधीच कापून सरकारकडे पडलाय, त्याने मात्र हात जोडून अर्ज करायचा. लहान धंदेवाल्याचे पैसे असेच बुडतात, आणि गोव्यात ते दोघांचे बुडतात.

आता देणं असलेल्यांचं. आर्थिक वर्ष २०२२-२३ घेऊ. कोणाचा केटरिंगचा किंवा रेंट-अ-बाइकचा धंदा आहे, नफा बारा लाख निघाला, रिटर्न भरलंच नाही. त्या वर्षी आपोआप लागणारी रचना जुनी होती. नवी हवी असेल तर वेगळा फॉर्म मुदतीतच द्यायचा होता. म्हणजे उशिरा येणाऱ्याला जुनीच. (पुढच्या वर्षापासून उलटं झालं. नवी आपोआप, आणि धंदेवाल्याला जुनी हवी तर १०-आयईए हा फॉर्म मुदतीत. एलआयसीचे हप्ते भरून बसलेल्यांना हे फार लागतं.) बारा लाख एकाच्या नावावर दाखवले तर कर १,७९,४००. सहा-सहा लाख वाटले तर प्रत्येकी ३३,८००, दोघांचे मिळून ६७,६००. फरक एक लाखाच्या वर. त्यावर कलम २३४ए, बी, सी चं व्याज, आणि मग कर अधिक व्याज या रकमेवर जादा कर. असेसमेंट वर्ष संपल्यापासून पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. २०२२-२३ साठी ५० टक्क्यांची पायरी ३१ मार्च २०२६ पर्यंत, मग एक वर्ष ६० टक्के, आणि ३१ मार्च २०२८ नंतर दार बंद. २०२३-२४ साठी या सगळ्या तारखा एकेक वर्षाने पुढे. आधी पैसे भरून त्याचं चलन रिटर्नला जोडावं लागतं, आणि एका वर्षाचं अपडेटेड रिटर्न एकदाच भरता येतं. म्हणून वाटणी करायला विसरून भरलं तर ते सुधारायला दुसरी संधी नाही.

याहून वाईट अवस्था वेळेवर पण चुकीचं भरणाऱ्याची. नवऱ्याने सगळं उत्पन्न आपल्याच नावावर दाखवून कर भरला, मुदत टळली, आणि मग कोणीतरी सांगितलं की अर्धं बायकोचं. बायकोचं अपडेटेड रिटर्न भरता येईल, तिने करही द्यायचा. नवऱ्याचा कमी करायला आयटीआर-यू चालत नाही. एकाच पैशावर दोनदा कर बसण्याची वेळ येते ती अशी.

आणि मास्तरणींचं काय? आमच्या फोंड्यात हा प्रकार घरोघरी आहे. बायको सरकारी किंवा अनुदानित शाळेत, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान किंवा टुरिस्ट टॅक्सी. तिचा पगार तिचाच, तो वाटला जात नाही. नवऱ्याच्या धंद्याचा अर्धा मात्र तिच्या पगारावर येऊन बसतो आणि तिचा स्लॅब वर चढतो. तिचं रिटर्न शाळेतला कोणीतरी दरवर्षी आयटीआर-१ वर भरून देतो, आणि कलम ५ए लागू असलेल्याला तो फॉर्म वापरताच येत नाही. तिने जन्मात कर चुकवलेला नसतो, तरी तिची मागची रिटर्नं चुकीची. इथे मात्र कर वाढत असल्यामुळे अपडेटेड रिटर्न चालतं. नवऱ्याला हे सांगितलं की तो गप्प होतो, कारण आता वाटणीत तोटा दिसतो. फायदा असला की निम्मं आणि तोटा असला की माझंच, असं कायद्यात नाही हो.

लहान धंदेवाल्यासाठी सरकारने आयटीआर-४ काढला, नाव दिलं सुगम. लग्न झालेल्या गोंयकाराला तोही चालत नाही, त्याच कलमामुळे. त्याला आयटीआर-३ आणि त्यातलं शेड्यूल ५ए. चहाचा गाडा असो की होमस्टे, फॉर्म तोच लांबलचक. दिल्लीत बसलेल्याला हे दिसत नसेल, पण इथल्या आमदार-खासदारांना दिसायला हवं होतं.

तारखांचंही तसंच. मूळ मुदत जुलैअखेर असायची, आणि जुलै म्हणजे इथे भर पाऊस, शॅक मोडलेले, टॅक्सी स्टँडवर माणसं पत्ते कुटतात, हातात पैसा नाही. रिटर्नचा विषय काढला की, "चवथ जांव दी मगे." चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सीझनची तयारी, आणि बिलेटेडची शेवटची तारीख ३१ डिसेंबर, म्हणजे कळंगुट-बागाच्या माणसाला जेवायलाही फुरसत नसते तो दिवस! २०२५ ला मूळ मुदतच १६ सप्टेंबरपर्यंत वाढली, चवथ २७ ऑगस्टला होती, तर त्या वर्षी बरेच जण वेळेत आले. माणसं आळशी आहेत म्हणून रिटर्नं राहतात असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बायकांच्या बाबतीत तर आळसाचा प्रश्नच नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

टॅक्सीवाल्यांसाठी एक जाता जाता. कलम ४४एई मालवाहू गाड्यांसाठी आहे. खनिजाच्या ट्रकवाल्यांना ते लागू पडतं, तुम्हाला नाही. तुमचं ४४एडी: बँकेतून आलेल्या पैशावर सहा टक्के, रोखीवर आठ.

"आम्हाला नोटीस कुठे आलीय?" असं विचारणाऱ्यांनी पोर्टलवर लॉगिन करून एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचा खात्याकडचा तक्ता) उघडावं. हॉटेलने कापलेला टीडीएस, बुकिंग ॲपने दिलेले पैसे, बँकेतलं व्याज, सगळं तिथे आधीच लिहिलेलं असतं. असेसमेंट सुरू झाली तर त्या वर्षाच्या अपडेटेड रिटर्नचा रस्ताही सोपा राहत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, म्हणून जुनी वर्षं पुसली जातील, असा एक मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. तसं काही नाही. जुन्या वर्षांना जुनाच कायदा.

ज्यांचं राहिलंय त्यांनी येताना दोघांची पॅन कार्डं आणा, दोघांची ई-पोर्टलची लॉगिनं चालू आहेत का पाहा (बायकोचं बहुतेक वेळा उघडलेलंच नसतं, आणि ओटीपी तिच्या मोबाइलवर येतो, तुमच्या नाही), दोघांचं आधार पॅनशी जोडलेलं असू द्या आणि रिफंडसाठी तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं व्हॅलिडेट करून ठेवा. लग्नाआधी करार केला असेल तर त्याची प्रत आणा, कारण मग वरचं सगळं गणित बदलतं. आणि शक्य असेल तर तिलाच सोबत घेऊन या. तिच्या रिटर्नवर व्हेरिफिकेशन तिनेच करायचं असतं.