शपथपत्र ऑफिसातच ठेवून या

तर तुमच्या हातात नुकताच चॅनलचा बूम माइक आलाय आणि विधानसभेच्या प्रचारात पहिल्यांदाच उमेदवाराची मुलाखत घ्यायचीय. अभिनंदन. आता रात्रभर जागून प्रश्न काढत बसू नका, प्रश्न ठरलेलेच असतात आणि ते तुमच्या आधी भाऊंच्या पीएकडे पोचलेले असतात. तुम्ही फक्त फोनवर "दहा मिनिटं द्या हो, हलकंफुलकं घेऊ" एवढंच म्हणायचं, त्यातलं 'हलकंफुलकं' जरा ठासून.

मुलाखत शक्यतो चालत्या गाडीत घ्या. खुर्चीत बसून घेतली की ती मुलाखत वाटते, गाडीत घेतली की 'दिवसभर भाऊंसोबत' होतं. भाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी, तुम्ही मागे दोन कार्यकर्त्यांच्या मधे चेपलेले, मांडीवर उतरवलेल्या हारांचा ढीग, झेंडूच्या ओल्या पाकळ्या कॉलरमधून पाठीत गेलेल्या आणि कॅमेरामन डिक्कीत गुडघे पोटाशी घेऊन. अशा अवस्थेत माणसाला अवघड प्रश्न सुचत नाही, हीच तर गाडीची सोय.

सुरुवात "भाऊ, प्रतिसाद कसाय?" ने. 'काही खरं नाही बघा' असं उत्तर कधी येणार नाहीये, तरी विचारायचं. भाऊ म्हणतील "निवडणूक आता माझी राहिलीच नाही, जनतेनंच हातात घेतलीय", की मान डोलवायची. मग "गुलाल कुणाचा?", तर "गुलाल आपलाच!" मग लीड किती. भाऊ लाजत तीस हजार म्हणाले तर "पन्नास तर कुठं गेले नाहीत ना भाऊ?" असं तुम्हीच वाढवून द्यायचं, याला आपल्याकडे काउंटर क्वेश्चन म्हणतात.

पक्षाचा विषय मात्र जपून. 2024 ला दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, धनुष्यबाण वेगळं, मशाल वेगळी, घड्याळ वेगळं, तुतारीवाला माणूस वेगळा, भाऊंनाच कधीकधी जुन्या चिन्हाला मत द्या म्हणून जीभ घसरते. तेव्हा 'का गेलात' विचारायचं नाही, 'तो निर्णय घेताना मनाला किती यातना झाल्या' विचारायचं. उत्तर 'विकासासाठी' असंच येणार, पण डोळे पुसल्याचा शॉट मिळतो.

मधे वहिनींना घ्याच. भाऊंना काय आवडतं? ठेचा-भाकरी. (ठेचा-भाकरी न आवडणाऱ्याला तिकीट देत नाहीत बहुतेक.) हे फालतू वाटत असेल तर आठवा, एप्रिल 2019 मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना, अक्षयकुमारने पंतप्रधानांना आंबा कसा खाता ते विचारलं होतं आणि ते सगळ्या देशाने पाहिलं. तुम्ही तर नुसता ठेचा विचारताय.

आता शपथपत्र. अर्जासोबत दिलेलं ते फॉर्म 26 निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येतं, गुन्हे, कर्ज, पाच वर्षांचं उत्पन्न, बायकोच्या नावावरची जमीन, सगळं. मोटारींच्या रकान्यात तर विमान आणि जहाजसुद्धा विचारलेलं असतं. आणि तिथे भाऊंनी लिहिलंय 'निरंक'. म्हणजे तुम्ही ज्या फॉर्च्युनरमध्ये बसलायत, जिच्या खिडकीतून भाऊ हात हलवतायत, ती कुणाची? हे विचारावंसं वाटेल. विचारू नका, परतीची एसटी संध्याकाळी सहालाच गेली. तसंच विधानसभेला खर्चाची मर्यादा 40 लाख, आणि चौकात चार जेसीबी फुलं उधळतायत, त्याचं भाडं कुणाच्या हिशोबात? त्यावर "अभूतपूर्व स्वागत" एवढंच बोला.

लाज वाटत असेल तर थोरांचा कित्ता गिरवा. 2009 च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, एवढा बोभाटा झाला की प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली, त्यांनी पेपरांची नावं घेऊन 71 पानी अहवाल दिला, आणि 2010 मध्ये कौन्सिलने तो बाजूला सारून बिननावाचा छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल 2011 मध्ये बाहेर आला तोही माहिती आयोगाने सांगितलं म्हणून. मग तुम्ही कोण लागून गेलात?

एकच धोका, गाडी गावात हळू होते तेव्हाचा. काच खाली असते आणि एखादी म्हातारी खिडकीचा काठ धरून गाडीबरोबर चालायला लागते, "भाऊ, सोयाबीन चार हजारानं घातलं की हो, हमीभाव त्याच्या वर म्हनता, कुठंय तो?" भाऊ हात जोडतात, पीए बाटली पुढे करतो, "मावशी, पाणी घ्या", तुमच्या हातातला बूम आपोआप तिच्याकडे वळायला लागतो. आवरा त्याला. शॉट मात्र वाया घालवू नका, सुरकुतलेला हात, काचेवर बोटं, फार भारी फ्रेम असते ती. आवाज बंद करायचा, मागे सनई लावायची आणि खाली पट्टी, 'भाऊंना आशीर्वाद देण्यासाठी माऊलींची धावपळ'.