टी ट्री ऑईल: मावशीच्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. ‘टी ट्री ऑईल, चहाच्या पानांचं शुद्ध तेल. मुरमांवर थेट लावा, एका रात्रीत साफ. कोंडा, चिखल्या, नखांची बुरशी मुळापासून जाते. रोज कोमट पाण्यात दोन थेंब घ्या. नैसर्गिक असल्याने अपाय शून्य.’ खाली मावशीचे जोडलेले हात. म्हणून हे लिहितोय.

चहाशी याचा संबंध नावापुरता. झाड ऑस्ट्रेलियाचं, न्यू साउथ वेल्सच्या ईशान्येकडच्या दलदलीतलं. कूळ निलगिरीचं, म्हणजे आपल्या जांभळाचंही. तिथले मूळनिवासी बंडजलंग लोक पाला चेचून जखमेवर बांधत. १९२०च्या दशकात सिडनीचे रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी तेलाचा जंतुनाशक गुण तपासून मांडला, तेव्हापासून बाटल्या निघाल्या.

तेलात गुण आहे, हे मला मान्यच आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात मुरमांच्या १२४ रुग्णांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाशी तुलना करत ते वापरून पाहिलं. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाला वेळ जास्त लागला, पण कातडी कमी सोलवटली. मात्र ते ५ टक्क्यांचं जेल होतं आणि प्रयोग तीन महिन्यांचा. फॉरवर्डमध्ये नेमकी ही टक्केवारीच गळून पडते. घरच्या मापात ५ टक्के म्हणजे चहाच्या चमचाभर खोबरेल तेलात साधारण पाच थेंब. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहायची. बादलीत थेंब टाकून अंघोळ करणाऱ्यांनी पाण्यावरचा तवंग बघावा: तेल पाण्यात मिसळत नाही, निखळच अंगाला चिकटतं.

कोंड्याचं बरोबर आहे, ५ टक्क्यांच्या शाम्पूने चार आठवड्यांत खरंच फरक पडलेला दिसलाय. चिखल्यांवर १० टक्क्यांच्या मलमाने खाज, भेगा कमी झाल्या. पण बुरशी जाण्याचं प्रमाण औषध नसलेल्या साध्या मलमाइतकंच निघालं. नखांवर निखळ तेल सहा महिने लावूनही शंभरातल्या अठरांचीच बुरशी गेली. ‘मुळापासून’ कुठून आलं, देव जाणे.

आता ते दोन थेंब. हे तेल पोटात घ्यायचं नाही, एवढंच. लहान मुलांनी काही मिलिलिटर प्यायल्यावर गुंगी आली, तोल गेला, काही बेशुद्धही पडली. कोणी प्यायलंच तर उलटी काढत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. मांजर-कुत्र्याच्या अंगावरही निखळ तेल चोळू नये.

आणि नैसर्गिक म्हणाल तर बिब्बाही नैसर्गिकच. तो अंगावर उतला की काय होतं, हे मावशीला मी सांगायला नको. हे तेल तर उघड्या बाटलीत हवा-उजेडाने बदलतं आणि ॲलर्जीचा धोका वाढतो. आमच्या खिडकीतली दोन वर्षांपूर्वीची बाटली परवा उघडली, तर कापरासारखा वास जाऊन टर्पेंटाइनसारखा भपका आला. ती मी फेकली. मावशीकडची त्याच वेळी घेतलेली आहे.