चष्मा सुटण्याच्या फॉरवर्डला चष्मेवाल्याचं उत्तर

महिनाभरापासून आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "लेसरने १० मिनिटांत चष्मा कायमचा घालवा. कापाकापी नाही, धोका शून्य. १८ पूर्ण झालेल्या कोणालाही चालते. दुसऱ्या दिवशी कामावर. आजीचा मोतीबिंदू लेसरने निघतो, मग तुम्ही कशाला भिता?"

माझं चष्म्याचं दुकान आहे, तेव्हा हा पोटासाठी बोलतो असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. माझ्या सख्ख्या भाचीने नागपूरला लेसर करून घेतलं आणि ती मजेत आहे.

आधी आजीचं बघू. गावात ज्याला 'लेसरवालं' म्हणतात ते मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेक वेळा फेको असतं. त्यात गढूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून काढतात. चष्मा घालवायच्या लेसर ऑपरेशनमध्ये, म्हणजे लेसिकमध्ये, भिंगाला हातही लावत नाहीत, काम होतं ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर.

आणि कापाकापी असते. कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून झडपेसारखा उचलतात, खालचा भाग लेसरने झिजवतात, पापुद्रा परत बसवतात. ब्लेडने कापा की लेसरने, कापला तो कापलाच. तो चिकटतो, पण पहिल्यासारखा घट्ट होत नाही. जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही सरकू शकतो. पऱ्हाटी उपटताना डोळ्यात काडी जाणं आपल्याकडे नवलाचं नाही. असं काम किंवा कबड्डी ज्याच्या मागे आहे, त्याने असा पापुद्रा न कापता होणाऱ्या पीआरके या लेसर पद्धतीबद्दल विचारावं. त्यात तीन-चार दिवस डोळे ठणकतात आणि नजर सावकाश येते.

मला खरा राग आहे तो 'कोणालाही' या शब्दाचा. कॉर्नियाची जाडी मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. पापुद्र्यात शंभर-एकशेदहा गेले. एका नंबरामागे अंदाजे १४ झिजतात. खाली किमान २५० ते ३०० शिल्लक राहायला हवेत. आता ४८० जाडीच्या डोळ्याला ८ नंबर असेल तर हिशोब तुम्हीच मांडा, खाली जेमतेम २६० उरतात, अगदी काठावर. फार पातळ झालेला पडदा पुढे फुगू शकतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही.

माझ्याकडे एक पोरगा यायचा. दर सहा महिन्यांनी नंबर बदललेला, त्यात तिरपा नंबर जास्त. काउंटरला टेकून मुठीने डोळे चोळत बसायचा. मेसेज वाचून गेला शहरात, तिथल्या डॉक्टरांनी परत पाठवला. रागाने फाइल माझ्यापुढे आपटली, "मले काऊन वापस केलं जी? पैसे होते ना माह्याकडे!" फाइलमध्ये कॉर्नियाचा रंगीत नकाशा होता, खालच्या बाजूला लालभडक ठिपका. केराटोकोनस. पडदा मुळातच कमकुवत, शंकूसारखा पुढे येत चाललेला. त्याला लेसर मारला असता तर आजार आणखी बळावला असता. त्याला क्रॉसलिंकिंग, म्हणजे पडदा घट्ट करायचा उपचार, सांगितलं होतं, ते त्याने केलं. हा आजार पकडायला लागते तपासणी, आणि तिला १० मिनिटं पुरत नाहीत. शिवाय नंबर वर्षभर स्थिर हवा आणि कॉन्टॅक्ट लेन्स आधी काही दिवस ते काही आठवडे बंद हवी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी थांबावं.

दुसऱ्या दिवशी कामावर? खुर्चीतलं काम असेल तर कदाचित. मळणीयंत्रासमोर, फवारणीला किंवा विहिरीत पोहायला काही आठवडे नाही. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर डाग ठेवून जाऊ शकतो.

डोळा जाणं फार दुर्मीळ, तेवढी भीती घालणारेही चुकतात. पण कोरडेपणा सर्रास येतो, कारण पापुद्र्यासोबत बारीक नसाही कापल्या जातात. बहुतेकांचा काही महिन्यांत जातो, काहींचा रेंगाळतो. आपल्या मे महिन्याच्या झळांत तो चांगलाच जाणवतो. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. ज्याच्या ओलिताची लाइन रात्रीच येते आणि जो दुचाकीवर शेतात जातो, त्याने हे आधीच विचारून घ्यावं.

'कायमचा' म्हणाल, तर काहींचा थोडा नंबर परत येतो. आणि चाळिशी तर येतेच. ती भिंगाच्या वयाची गोष्ट, कॉर्निया झिजवून टळत नाही.

करणार असाल तर एवढं करा. ऑपरेशनआधीचे सगळे कागद मागून घ्या आणि सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवा. साठीत मोतीबिंदू झाला की कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर तेच मागतील, कारण लेसर झालेल्या डोळ्याचं नेहमीचं मोजमाप चुकतं.