मुलाखतीतील ‘७ टक्के शब्दां’विषयी खुलासा

‘मुलाखतीत तुमच्या शब्दांना केवळ ७ टक्के महत्त्व असते, ३८ टक्के आवाजाला आणि ५५ टक्के देहबोलीला, म्हणून उत्तरांपेक्षा हावभावांची तयारी करा’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, तसेच चेहऱ्यांच्या छायाचित्रांसोबत सादर करून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगितले होते. नोकरीच्या मुलाखतीचा त्यांच्याशी काहीही संबंध नव्हता. भावना आणि वृत्ती यांपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असे स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे.

देहबोलीचा प्रभाव पडतो, हे खरेच. परंतु ज्या मुलाखतींत सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिले जातात, तिथे उत्तरातील आशयच तोलला जातो: कोणती अडचण होती, आपण नेमके काय केले, त्यातून काय साधले. या आशयाची तयारीच संदेशावर विसंबून आरशासमोर बसलेल्या उमेदवाराकडून राहून जाते, आणि माझ्या मते हेच या संदेशाचे खरे नुकसान आहे. कृपया तो पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासाही कळवावा.