झुंडर्ट राहून गेलं

फुलांच्या मिरवणुकांवरचा तुमचा लेख आवडला, पण अशा मिरवणुका म्हणजे फक्त अमेरिकेतल्या पासाडेनाची रोझ परेड असा समज होतो वाचून. ती 1890 पासूनची, मान्य. चित्ररथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुलं, पानं, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकायचा, हा तिथला नियमही भारीच. पण बहुतेक रथ पैसे देऊन व्यावसायिक कंपन्यांकडून बनवून घेतलेले असतात, हे लेखात यायला हवं होतं. (कॅल पॉली या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे विद्यार्थी 1949 पासून स्वतः रथ बांधतात, तो एक अपवाद.)

खरी चुरस बघायची तर नेदरलँड्समधलं झुंडर्ट. चित्रकार व्हॅन गॉगचं जन्मगाव. 1936 पासून तिथे डेलियाच्या फुलांची मिरवणूक निघते, आता सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी. आसपासच्या वाड्या एकमेकींशी स्पर्धा करतात, अगदी आपल्याकडच्या गणेश मंडळांसारखी. भल्यामोठ्या मांडवात उन्हाळाभर लोखंडी सांगाडा उभा राहतो, त्यावर पुठ्ठ्याचे थर चढतात. फुलं मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांतच लावायची, नाहीतर कोमेजतात. देठ काढून एकेक फूल बारीक खिळ्याने ठोकायचं, खिळा जाणार नाही तिथे गोंद. पोरंटोरं, आज्या, सगळे रात्र रात्र जागतात. बरेच रथ आत शिरलेली माणसंच ढकलतात, बाहेरून दिसतही नाहीत.

गंमत म्हणजे डेलियात निळा रंगच नसतो. आणि 2015 साली विषय होता व्हॅन गॉग, ज्याच्या चित्रांत निळा भरपूर! त्या वर्षीचे फोटो जरूर शोधून बघा.