दमा तिला, हट्टही तिचाच

ताई,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली आणि तणतणत उत्तर लिहायला घेतलं. बायकोने ते वाचून फोन काढून घेतला, म्हणून आज चार दिवसांनी हे दुसरं उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी, माझ्या फेरेटांवरच्या लेखाखाली तुम्ही काय लिहिलंत ते थोडक्यात सांगतो. घरात दम्याचा माणूस असताना मी माझ्या हौसेपायी दोन फेरेट (लांबट अंगाचे छोटे, मांसाहारी पाळीव प्राणी) आणले. ‘फेरेटचे केस मांजरासारखे गळत नाहीत, त्यामुळे ॲलर्जीवाल्या घरात चालतात’ असं लिहून लोकांची दिशाभूल केली. आणि उद्या बायकोला झेपेनासं झालं की हे मुके जीव वाऱ्यावर. शिवाय सोसायटीतल्या कबुतरांपायी तुमच्या दिरांची फुफ्फुसं कशी गेली तेही तुम्ही लिहिलंत.

मधला आरोप आधी घेतो, कारण तो खरा आहे. ते वाक्य माझंच आणि चुकीचं. ॲलर्जी केसांची नसतेच. ती असते त्वचेचा कोंडा, लाळ आणि लघवी यांतल्या प्रथिनांची. केस हा नुसता हमाल, माल दुसऱ्याचा. मांजराच्या बाबतीत त्यातल्या मुख्य प्रथिनाला ‘फेल डी १’ असं नावही आहे, आणि मांजर घरातून गेल्यावरही ते गाद्या-पडद्यांत कित्येक महिने मुक्काम ठोकून असतं. फेरेटला कोंडाही आहे, लाळही आहे आणि लघवी तर विचारूच नका. त्यात सस्तन प्राण्यांची अल्ब्युमिन नावाची प्रथिनं एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असतात, त्यामुळे मांजराचा त्रास होणाऱ्या एखाद्याला भलत्याच प्राण्याचाही होऊ शकतो. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जी कमी करणारा, हा शब्द दुकानदारांच्या फार कामाचा, नाकाच्या नाही.

मी फसलो कसा, तर आणण्याआधी आम्ही एका ओळखीच्यांकडे दोन तास फेरेटांसोबत बसून आलो. बायकोला एक शिंक आली नाही. झाली परीक्षा! पण ॲलर्जी जमायला वेळ लागतो. शरीराची आधी त्या प्रथिनाशी ओळख व्हावी लागते, आणि कधी कधी त्यात महिने, वर्षंही जातात. दोन तासांत काही झालं नाही याचा अर्थ फक्त दोन तासांत काही झालं नाही एवढाच.

आता ‘हौस’. ताई, इथे तुमचा अंदाज चुकला. दमा तिला आहे आणि हट्टही तिचाच होता. सांगलीत वाढताना तिला कायम हेच ऐकवलं गेलं की कुत्रं नको, मांजर नको, पावसात नको, पंप घेतलास का. इथे इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहतात, पूर्वी कोळशाच्या खाणीत होते. परसातल्या खुराड्यात त्यांचे फेरेट असतात. या भागात ते पूर्वापार सशांच्या शिकारीसाठी पाळतात. बिळांच्या तोंडांना जाळ्या लावायच्या, फेरेट आत सोडायचा आणि ससा कुठून उसळतो ते बघत बसायचं. बायको रोज कामावरून येताना तिथे थांबायला लागली. दीड वर्ष थांबत होती. नाही म्हणणारा मी होतो. माझ्या आईने तर व्हिडिओ कॉलवर बघून ‘अगं बाई, मुंगूस!’ असं जाहीर केलं आणि अजूनही ते मुंगूसच आहेत. (खरं तर नातं आहे ते आपल्या पाणमांजराशी. मुंगसाचं घराणं वेगळं.) शेवटी २०२२च्या मार्चमध्ये सोडून दिलेले प्राणी सांभाळणाऱ्या एका रेस्क्यू केंद्रातून आणले ते खारीक आणि बत्तासा. खारीक तपकिरी, बत्तासा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा.

उन्हाळा मजेत गेला. त्रास सुरू झाला नोव्हेंबरात. रात्री अडीच-तीनला खोकला, उठून बसणं, दम लागल्यावर घ्यायचा निळा पंप. रोज सकाळी ती पीक फ्लो मीटरमध्ये फुंकते. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते त्यात दिसतं, आकडा जास्त तितकं बरं. एरवी आकडा ४००च्या आसपास असायचा, तो ३१०पर्यंत उतरला. मी लगेच निकाल दिला: फेरेट. तुमच्याच भाषेत दिला, खरं सांगतो.

ती म्हणाली, तपासून घेऊ. त्वचेवरच्या ॲलर्जी टेस्टच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद. कोपरापासून मनगटापर्यंत पेनने आकडे लिहिले, प्रत्येकापाशी एकेक थेंब ठेवला आणि त्या थेंबातून सुईचं टोक नुसतं टेकवल्यासारखं. मग पंधरा मिनिटं हात न खाजवता बसायचं, जे तिच्यासाठी टोचण्यापेक्षा कठीण होतं. धुळीतल्या माइट्सच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या, जागी रुपयाएवढी गांधी उठली. मांजराच्या जागी लहानशी. गवताचं काही नाही. आणि फेरेट? तो त्यांच्या यादीतच नव्हता. नेहमीच्या संचात मांजर-कुत्रं असतं, फेरेट पाळणारे असे किती!

मग घरचा प्रयोग. डिसेंबरात ती चार आठवडे सांगलीला गेली, त्याच काळात मी दोघांना आजोबांकडे ठेवलं. सांगलीत तिला पंप जवळपास लागला नाही. परत आली तेव्हा घरात फेरेट नव्हते, आणि दुसऱ्याच रात्री खोकला. मला वाटलं, सुटले दोघे! पण बायको माझ्यापेक्षा चिकित्सक. ती म्हणाली, ते गेले तरी त्यांचा कोंडा आहेच की खाली कार्पेटमध्ये.

ते कार्पेट तुम्हाला दाखवायला हवं होतं. इथल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत, जिन्यावर, झोपायच्या खोलीतही कार्पेट खिळवलेलं असतं. त्यात शंभर वर्षांची विटांची घरं, ऑक्टोबर ते एप्रिल खिडक्या बंद, आत हीटर, भिंतीला ओल. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही झोपायच्या खोलीतलं उपसलं. खाली राखाडी पिठासारखा थर होता, कपाटामागे काळी बुरशी, आणि कोपऱ्यात खारकेने लपवलेले माझे तीन मोजे, एक चमचा आणि टीव्हीच्या रिमोटचं एक बटण. (तेवढं रबरी बटण गिळलं असतं तर आतडं अडून ऑपरेशनची वेळ आली असती.) बुरशी घासून काढली, लाकडी फळ्या उघड्या ठेवल्या, गादी-उशांना माइट्स अडवणारे अभ्रे घातले आणि फेरेटांना त्या खोलीचं दार कायमचं बंद केलं. महिन्याभरात आकडा ३७०-३८०वर आला. यातलं माइट्सचं किती, बुरशीचं किती आणि फेरेटांचं किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. सगळं एकाच दिवशी उपसलं ना!

दुसरा गुन्हेगार मात्र नक्की सापडला. उदबत्ती. फेरेटला वास येतो, कस्तुरीसारखा उग्र, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून सुरुवातीला आम्ही दर आठवड्याला त्यांना आंघोळ घालायचो. ॲलर्जीसाठीही बरं, अशी समजूत. पण आंघोळीने कातडीचं तेल धुऊन निघतं, मग ते भरून काढायला कातडी आणखी तेल सोडते. तिसऱ्या दिवशी वास दुप्पट. तो झाकायला मी सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावायचो, म्हणजे दम्याच्या माणसाच्या खोलीत दिवसातून दोनदा धूर! तो उपद्व्याप सर्वस्वी माझा, त्यात खारीक-बत्ताशाचा काही दोष नाही. आता आंघोळ वर्षातून दोनदा आणि उदबत्ती पूर्ण बंद. देवापुढे समई तेवढी.

फेरेट निर्दोष आहेत असं म्हणत नाही. बत्ताशाची नखं तिच्या हाताला लागली की त्या ओरखड्यावर दोरीसारखी गांधी उठते, तासभर खाजते. माझ्या हातावर नुसता ओरखडा. म्हणजे तिला त्यांची ॲलर्जी असावी, असं टेस्टविनाही वाटतं. म्हणून ती पूर्ण बाह्यांचा एक जुना कुडता घालूनच खेळते, तो तिथेच खुंटीला टांगून ठेवते आणि हात धुऊन मग बाहेर. शी-शूचा ट्रे रोज मी साफ करतो, कारण वाळलेली लघवी हवेत उडते. त्यात कागदाच्या गोळ्या असतात. मातीची भुकटी आणि पाइनचा भुसा दोन्ही नको, धूळ आणि वास त्यांच्याही छातीला वाईट. झोळ्या आणि फ्लीसचे तुकडे दर रविवारी ६० अंशांवर धुतो. त्यांच्या खोलीत हवेतली बारीक धूळ गाळणारा हेपा फिल्टर चालू असतो, पण नुसत्या फिल्टरने भागतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण दम्याच्या घरात ती ॲलर्जीइतकीच महत्त्वाची. फेरेटला माणसाचा फ्लू होतो. १९३३ साली लंडनच्या मिल हिलमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या संशोधकांनी माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटांमध्येच, आणि पुढे तिथल्याच एका संशोधकाला फेरेटच्या शिंकेतून फ्लू झाला. आमच्याकडे उलटा प्रवास झाला. ऑफिसमधून मी आणला, मग बायको, मग दोघे भाऊ-बहीण नाकाला फेस आणून शिंकत बसले. तेव्हापासून दर ऑक्टोबरात आम्ही दोघंही लस घेतो आणि मला सर्दी-ताप असेल तर ट्रेही मास्क लावून.

तुमच्या दिरांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तो आजार वेगळा, ताई. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने होतो तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. त्यात फुफ्फुसाला सूज येते आणि संपर्क चालूच राहिला तर कायमचे व्रण पडतात. तिथे ‘जरा कमी करू’ चालत नाही, संपर्क तोडावाच लागतो. त्यावर तुमचा संताप रास्त आहे. फक्त तेच माप इथे लागू होत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तुमच्या प्रतिक्रियेतला तोच मला झोंबला. तिचा दमा वाढला तर या दोघांचं काय? फेरेट सहा-आठ वर्षं जगतो, म्हणजे अजून बराच काळ आहे. आमचं ठरलंय असं: आधी परसातली शेड. थंडी त्यांना मानवते, कोरडी जागा, भरपूर पेंढा आणि एकमेकांची ऊब मिळाली की झालं. त्रास उन्हाचा होतो. तापमान तिशीच्या वर गेलं की उष्माघाताचा धोका, म्हणून नागपूर-सोलापूरहून ‘आमच्याकडे जमेल का’ विचारणाऱ्यांना माझं उत्तर कायम ‘नाही’. शेडनेही भागलं नाही तर रेस्क्यू केंद्राकडे परत, दोघं एकत्र. आणतानाच तशी लेखी अट होती. तुम्ही याला सोडून देणं म्हणाल तर म्हणा, पण रस्त्यावर नाही. आणि ती वेळ आली का, हे बायको ठरवेल. तिच्या छातीचा हिशोब मी करायला गेलो की काय होतं ते नोव्हेंबरात कळलं.

ते जुनं वाक्य मी खोडलंय, पुसलेलं नाही. वर आडवी रेघ आणि खाली आजची तारीख आहे.

ता. क. हे उत्तर पाठवण्याआधी बायकोने वाचलं. ‘आता तिला त्रास होत नाही’ असं मी एके ठिकाणी लिहिलं होतं. तिने ते वाक्य काढून टाकलं आणि सांगितलं, कालच्या सकाळचा आकडा लिही. ३६०.